शादलिया मादामचा लाल शेरा

शादलिया मर्ज़ूगी मादामचा तास शनिवारी दुपारी असायचा. कायद्याच्या कॉलेजात शनिवार दुपारचा तास कुणाला देतात हे आमच्या गावात शिपाईसुद्धा सांगेल. ज्या विषयाचं काय करायचं ते कुणाला कळत नाही, तो विषय शनिवारी दुपारी. पर्यावरण कायदा, ऐच्छिक, बावीस वर्षं. मध्यंतरी राजधानीत कुठलीशी मोठी परिषद झाली आणि प्राचार्यांनी विषयाच्या नावात 'आणि हवामान' एवढं जोडलं. तास मात्र तेवढाच राहिला, खोलीही तीच. तिच्या खिडकीची काच फुटलेली होती आणि वारा समुद्राकडून असला की कारखान्याचा वास आत यायचा. मादाम म्हणायची, "घ्या, प्रात्यक्षिक आलं."

मुलं हा विषय घ्यायची ती सोपा असेल म्हणून. पहिल्या चाचणीनंतर त्यांचा भ्रम फिटायचा. मादामकडे एक लाल पेन होतं आणि ते चालायला लागलं की थांबायचं नाही. 'पुरावा?' 'कोण म्हणतं?' 'कलम?' 'भावना नको.' आणि सगळ्यात जास्त, 'अनावश्यक.' उत्तरपत्रिका परत आली की ती रक्ताळलेली दिसायची. तिचं म्हणणं एकच होतं. आपल्या माणसांच्या बाजूनं सत्य असतं, पण ते रडत रडत येतं आणि कोर्टाला रडणं आवडत नाही. म्हणून आधी त्याचं तोंड धुवा, केस विंचरा, मग आत न्या.

तिचा बाप ऐन सलामाचा. ऐन सलामा म्हणजे खजुराच्या बागांचं गाव, आणि बागा म्हणजे झऱ्याचं पाणी. पाण्याची पाळी तिथं कादूसवर मोजत. तळाला बारीक भोक असलेलं मडकं टांगायचं, ते रिकामं झालं की एक कादूस संपला, पाणी पुढच्याच्या पाटात. बापाच्या वाट्याला दोन कादूस होते. तेवढ्यावर त्यानं डाळिंबं वाढवली, मेंदी लावली आणि मुलीला राजधानीत वकिली शिकायला पाठवलं. ती शिकून परत आली, हेच तिचं चुकलं असं तिचा भाऊ अजून म्हणतो. तिच्याबरोबरच्या मुली आज राजधानीत कचेऱ्या थाटून बसल्यात आणि ही गुडघे चोळत शेअर गाडीनं गावोगाव पोरांना घेऊन हिंडते.

हिंडणं म्हणजे तिचा 'कायदा दवाखाना'. दर वर्षी आठ-दहा मुलं घ्यायची, खेड्यांत न्यायची, लोकांचं ऐकायचं, त्यावर अहवाल करायचा आणि मंत्रालयाला पाठवायचा. सतरा अहवाल गेले. सतरा पोचपावत्या आल्या, प्रत्येकीवर 'आभारी आहोत' असं छापलेलं. मादामनं त्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या. कपाट उघडलं की मंत्रालय आभार मानायचं.

यंदा ऑगस्टअखेर ती निवृत्त होणार होती. थकवा तिला आधीच आला होता. झोपून उठलं तरी जात नाही तो थकवा. तिला एवढंच वाटत होतं की जाण्याआधी ऐन सलामाचं प्रकरण तरी टिकावं.

प्रकरण साधं होतं. झऱ्यापासून दोन कोसांवर खनिज धुण्याचा कारखाना आहे. त्यानं खोल विहीर पाडली आणि झरा आटला. आता कारखान्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि पंचवीस वर्षांसाठी तो पुन्हा मिळणार होता. गावच्या बागायतदारांनी प्रशासकीय न्यायालयात हरकत घेतली. पुरावा म्हणून सदतीस जबान्या जोडल्या होत्या. मादामच्या मुलांनी अकरा वर्षांपूर्वी गावात बसून घेतलेल्या, मग स्वच्छ टाइप केलेल्या, खाली अंगठे.

कारखान्याचं म्हणणं असं की झरा विहिरीच्या आधीच, दोन वर्षं अगोदर आटला होता. पाऊस कमी झाला, हवामान बदललं, त्याला आम्ही काय करणार? आणि आधार म्हणून त्यांनी दिला होता मादामचाच अहवाल, क्रमांक नऊ, 'दक्षिणेतील घटते पर्जन्यमान'. इतक्या वर्षांत त्या अहवालाचा उल्लेख करणारा हा पहिला माणूस.

तो माणूस नुमान बेल्हाज. कारखान्याचा वकील. मादामच्याच हाताखाली शिकलेला, वीसपैकी सतरा गुण. बावीस वर्षांत तिनं सतरा फक्त दोघांना दिले होते.

मार्चमधल्या तारखेला नुमाननं दोन जबान्या हातात घेतल्या, एक डाव्या, एक उजव्या, आणि न्यायाधीशबाईंसमोर आळीपाळीनं वाचल्या. "'मी खाली सही करणारा, पूर्ण शुद्धीत व कोणत्याही दबावाविना, असे कथन करतो की सदर झऱ्याचा प्रवाह सदर कालावधीत लक्षणीयरीत्या घटला.' हे झाले एक ऐंशी वर्षांचे बागायतदार. आता दुसरे, गाढवावर भाजी विकणारे. 'मी खाली सही करणारा, पूर्ण शुद्धीत...' पुढचं वाचत नाही, तुमचा वेळ जाईल. बाईसाहेब, सदतीस माणसं आणि तोंड एकच. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी 'लक्षणीयरीत्या' म्हटलं?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मादामला हसू आलं नाही आणि रागही आला नाही, कारण पोरगा बरोबर बोलत होता. तो साचा तिनंच बनवला होता. पाच परिच्छेद. मुलांना दिला होता, म्हणाली होती यात बसवा. मुलांनी बसवलं. माणसं बाहेर राहिली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "झरा नेमका कधी आटला, हा एकच प्रश्न आहे. या कागदांत तारीख नाही. जूनपर्यंत काही ठोस आलं तर बघू. नाहीतर या जबान्या मी बाजूला ठेवीन." जबान्या गेल्या की हरकतीत काही उरत नव्हतं.

बाहेर जिन्यावर नुमाननं वाट अडवली. "मादाम, मनाला लावून घेऊ नका. तुम्हीच शिकवलंत ना, आधी कागदाची शिवण तपासा म्हणून."

"शिकवलं खरं," ती म्हणाली. "सतरा उगाच नाही दिले. बाजूला हो, मला कठडा धरू दे."

पुन्हा जबान्या घ्याव्यात म्हणून ती मुलांना घेऊन ऐन सलामाला गेली. सदतीसातले बावीस देवाघरी गेले होते. उरलेल्यांपैकी कुणी म्हणे दोन हजार नऊ साली पाणी गेलं, कुणी म्हणे क्रांती झाली त्या वर्षी, एक म्हणे गाय मेली तेव्हा. आणि ज्याचा शब्द लोक मानायचे तो अम हमीद, म्हणजे हमीदकाका, चाळीस वर्षं कादूस सांभाळणारा पाटकरी, दोन वर्षांमागं वारला होता. त्याची सून दारातच म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं की तुमच्या पोरांना. तासभर बोलत होते. ते कुठं ठेवलंत?"

चहा आला, बदाम घातलेला. तो मादामनं उभ्या उभ्या घेतला.

परतीच्या गाडीत डोकं काचेला टेकून ती आठवत राहिली. अम हमीदची जबानी कुणी घेतली होती? कच्च्या वह्या तिनं स्वतःच टाकायला लावल्या होत्या. 'कच्चं ठेवू नका, कच्च्यावरून वकील पकडतो.' ही तिची शिस्त. आणि मग तिला एक मुलगी आठवली, मागच्या बाकावरची, बोलल्याप्रमाणं लिहिणारी. नौरस. तिचा कागद साच्यात नव्हताच. मादामनं वीसपैकी सात दिले होते. मुलीनं गुणांविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि पुढच्या वर्षी तिनं कॉलेज सोडलं. मग मादामनं दुसऱ्या मुलाला बसवून अम हमीदची जबानी साच्यात घालून घेतली होती.

शोधायला वेळ लागला नाही. नौरस नगरपालिकेच्या भिंतीला लागून टेबल टाकून बसायची. अर्जलेखक. वर छत्री, पुढं जुना लॅपटॉप, बाजूला छोटा प्रिंटर, आणि समोर रांग. ज्यांना कचेरीची भाषा येत नाही ते तिच्याकडं यायचे. मादाम थेट टेबलाशी गेली.

नौरसनं वर पाहिलं. ओळखलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. "मादाम, रांगेत या. या काकू सकाळपासून उभ्या आहेत."

मादाम रांगेत उभी राहिली. पुढं सात माणसं. गुडघा ठणकत होता. तिला ऐकू येत होतं, नौरस एका म्हातारीला विचारत होती, "नाही मावशी, नळाचं नंतर. आधी सांगा, त्या दिवशी घरी काय शिजत होतं? ... हं. म्हणजे शुक्रवार. बघा, आठवलं की." आणि बोटं भराभर चालत होती. मादामनं बावीस वर्षांत कुठल्याही मुलाला साक्षीदारासमोर असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

तिची पाळी आली.

"अर्ज कुणाच्या नावे?" नौरसनं विचारलं.

"तुझ्या नावे."

"माझ्याकडं अधिकार नाहीत, मादाम. मी सात गुणांची बाई."

"टोमणे मार. मारून झाले की सांग. अम हमीदचा कागद तुझ्याकडं आहे का?"

नौरसचे हात थांबले. "तुम्ही टाकायला सांगितला होता."

"सगळ्यांना सांगितलं होतं. तू ऐकणाऱ्यातली नव्हतीस."

आता ती जराशी हसली. "मी गुणांविरुद्ध अर्ज केला होता, आठवतं? त्याला तो कागद जोडला होता. कॉलेजनं त्यावरही आवक शिक्का मारला, तारीख घातली, आणि पंधरा दिवसांनी सगळं परत केलं. 'नामंजूर.' माझा आयुष्यातला पहिला अर्ज. म्हणून जपला. आता लोकांचे मंजूर होतात, तो एक सोडून."

कागद घरी होता. संध्याकाळी तिनं आणून दिला, प्लास्टिकच्या पिशवीत. मादामनं टेबलापाशीच वाचला. अक्षर वाकडं, ओळी खाली घसरत गेलेल्या, पण वाचता वाचता अम हमीद समोर येऊन बसला.

'गुरुवार होता. माझ्या मबरूकाची मेंदी. आमच्यात नवऱ्या मुलीला लग्नाआधी झऱ्यावर न्हाऊ घालतात, माझ्या आईलाही तिथंच घातलेलं. बायका ढोलकी वाजवत निघाल्या. मी पुढं, कारण पाट उघडायचं माझ्याकडं. बघतो तर तळाला नुसता चिखल. बुधवारी दिवस मावळताना मी शेवटचा कादूस मोजला होता, तेव्हा पाणी होतं. माझ्या हातानं मोजलं. बायका गप्प झाल्या. मग दुकानातनं बाटल्या आणल्या, सहा का आठ, आणि पोरीला बाटलीच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. तिची आई अजून त्या दुकानावरनं जात नाही.'

शेजारी समासात, मादामच्याच तिरप्या अक्षरात, लाल शाईनं: 'लग्नाचा इथे काय संबंध? अनावश्यक. मुद्द्यावर या.' आणि सगळ्या परिच्छेदावर आडवी रेघ.

मुद्दा तोच होता. लग्नाची नोंद नगरपालिकेत असते. मेंदीचा गुरुवार म्हणजे त्याच आठवड्यातला. मागं फिरून दोनशे पावलांवर त्या नोंदवह्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारा मिळाला. मबरूकाचं लग्न क्रांतीच्या वर्षी जुलैत, शुक्रवारी. विहिरीचा पंप सुरू झाल्याची तारीख कारखान्याच्याच कागदांत होती, त्याच्या नऊ दिवस आधीची. सगळं अकरा वर्षं तिच्या रेघेखाली पडून होतं. मादामला त्या कचेरीच्या बाकावर बसून रडावंसं वाटलं, पण तेवढी ताकदही नव्हती.

"एक सांगते," नौरस म्हणाली. "मूळ कागद देते, पण जसाच्या तसा जाईल. लाल शाईसकट. नक्कल करून, शेरा झाकून नाही."

खरं सांगायचं तर मादामच्या मनात तो विचार येऊन गेला होता. फक्त मजकूर टाइप करून जोडावा. ऑगस्टमध्ये सेवा संपणार, निरोपाचा समारंभ, फुलं, प्राचार्यांचं भाषण. त्याआधी भरकोर्टात आपल्याच हाताचा हा शेरा कोण वाचून दाखवणार? पण शेरा झाकला की शिक्काही जातो, तारीखही जाते, आणि मग हाही अडतिसावा साच्यातला कागद. नौरसला हे कळत होतं. वर्गात तिला काही कळत नाही असं मादाम धरून चालली होती.

"जसाच्या तसा," मादाम म्हणाली. "तू पण चल. कुणी विचारलं तर सांग कसं लिहिलंस."

"मादाम, माझं टेबल?"

"एक दिवस नगरपालिकेला सुट्टी."

जूनच्या तारखेला न्यायाधीशबाईंच्या दालनात पंखा होता आणि तो चालत नव्हता. नौरसनं सांगितलं, कधी, कुठं, कुणासमोर लिहिलं. शिक्का तपासला गेला. लग्नाचा उतारा शेजारी ठेवला गेला. नुमाननं कागद बराच वेळ उलटसुलट पाहिला. शिवण शोधत होता. मग त्याला ती सापडली.

"बाईसाहेब, माझा एकच प्रश्न, आणि तो उस्तादा मर्ज़ूगींना आहे." आज तो मादाम म्हणाला नाही, कोर्टात म्हणतात तसं उस्तादा म्हणाला. "हा लाल शेरा आपला?"

"माझा."

"आपण या विषयाच्या तज्ज्ञ. वीसहून अधिक वर्षं पुरावा कसा तपासावा हे शिकवलंत. मलाही. तर त्या वेळी, प्रकरण नसताना, कुणाचा दबाव नसताना, आपण हा मजकूर वाचलात आणि त्यावर लिहिलंत 'अनावश्यक'. वीसपैकी सात दिलेत. म्हणजे आपल्याच मते हा कागद पुराव्याच्या लायकीचा नव्हता. बरोबर?"

प्रश्न चांगला होता. तिनं वर्गात असा प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी दिली असती. नौरस तिच्याकडं बघत होती. अकरा वर्षांपूर्वी गुणांची यादी लागली तेव्हाही ती अशीच बघत होती, हे मादामला आता आठवलं.

मादाम खुर्चीचा हात धरून उठली. उठायची गरज नव्हती, पण बसून सांगवेना.

"म्हातारा खरं बोलला," ती म्हणाली. "पोरीनं खरं लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मी ते खोडलं. चूक माझी आहे. ते सात गुण मलाच मिळायला हवे होते."

नुमान खाली बसला. न्यायाधीशबाईंनी काही तरी टिपलं आणि कारकुनाकडं पाहून म्हणाल्या, "कागद पुराव्यात घ्या. झऱ्याची आणि विहिरीची तपासणी करायला तज्ज्ञ नेमते. पुढची तारीख नोव्हेंबर." म्हणजे प्रकरण टिकलं. नोव्हेंबरात मादाम कॉलेजात नसेल, शनिवारची ती खोली दुसऱ्या कुठल्या तरी विषयाला गेलेली असेल, पण प्रकरण असेल.

कारकून सावकाश लिहीत होता. झालं तसं त्यानं पान फिरवून सहीसाठी तिच्यापुढं केलं. चांगलं वळणदार अक्षर, शुद्ध, दरबारी अरबी. मादामनं चष्मा लावून वाचलं. 'साक्षीदाराने सदर कालावधीतील आपल्या शैक्षणिक मूल्यमापनाचा पुनर्विचार केला असल्याचे कथन केले.'

तिनं पेन उघडलं. पुन्हा वाचलं. पेन बंद केलं.

"हे मी नाही बोलले."

"अर्थ तोच आहे, उस्तादा," कारकून म्हणाला. "लिहायची पद्धत असते. आपल्याला मी काय सांगावं."

"मला नको सांगूस. मीच शिकवलीय ती पद्धत." तिचा आवाज चढला नव्हता, त्याला तेवढं बळ नव्हतं. "खोड ते. मी बोलले तसं लिही."

"बोलीत?"

त्यानं न्यायाधीशबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. कारकुनानं उसासा टाकला, ओळीवर रेघ मारली आणि खाली, जरा नाखुशीनं, लिहू लागला. मादाम त्याच्या खांद्यावरून बघत उभी होती, एकेक शब्द.

'माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मी ते खोडलं. चूक माझी आहे.'

"सात गुणांचं राहिलं," नौरस मागून म्हणाली.

"तेही लिही," मादाम म्हणाली, आणि तो लिहीपर्यंत थांबली. मग सही केली.